आम्लशामक औषधांची मुदत

कलकत्त्यालगतच्या राजारहाटची भातशेते आणि मासळीची तळी हटवून, १९९९ साली स्थापन झालेल्या ‘हिडको’ या सरकारी महामंडळाने रेखून वसविलेल्या न्यू टाउनमध्ये, जेथे उंच इमारतींतून राहणारी कितीतरी कुटुंबे शेजारच्या सेक्टर फाइव्हमधील अथवा विश्व बांगला सरणीलगतच्या कचेऱ्यांतून दूरदेशीच्या घड्याळाप्रमाणे काम करतात, रात्री अकराला जेवतात आणि पाठोपाठ अंथरुणाला पाठ टेकतात, तेथे सकाळी उठल्याबरोबर जठरातील आम्ल कमी करणारी एक गोळी घेणे हा नित्यकर्माचाच भाग होऊन बसला आहे. बंगाली शेजारी या दुखण्याला ‘गॅस-अम्बल’ म्हणतात, आपली मराठी मंडळी ‘पित्त’ म्हणतात, आणि औषधाच्या दुकानात दोघेही ‘पॅन-फॉर्टी’ मागतात. मग दुकानदार, जिच्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये अशी सूचना तांबड्या रेघेसह छापलेली असते, तीच पट्टी चिठ्ठी न मागता पुढे करतो. ही गोळी वाईट आहे असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तिच्याइतकी गुणकारी औषधे वैद्यकाच्या भांडारात फार थोडी आहेत. परंतु जी सुरू कशासाठी झाली हे घेणाऱ्यास आठवत नाही आणि संपवावयाची केव्हा हे कोणी लिहून दिलेले नसते, अशा औषधाचा ताळेबंद एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

तिचे उपकार ध्यानी यावेत म्हणून मागील पिढ्यांची स्थिती प्रथम आठवावी. शिकागोच्या बर्ट्राम सिपी यांनी १९१५ साली घालून दिलेल्या परिपाठाप्रमाणे जठरव्रणाच्या रुग्णाला तासातासाला दूध आणि साय, आणि मधूनमधून क्षारांच्या पुड्या, असे आठवडेच्या आठवडे द्यावे लागे. एवढ्यानेही न भागल्यास शल्यविशारद जठराचा एक भाग कापून काढीत किंवा आम्लस्रावाची प्रेरणा देणारा मज्जातंतू छेदीत. भात हे मुख्य अन्न असलेल्या बंगाल, आसाम आणि दक्षिण भारतात लहान आतड्याच्या आरंभी होणारे व्रण पंजाबपेक्षा अधिक दिसतात, असे जुने शल्यविशारद आवर्जून नोंदवून ठेवीत. १९७६ साली जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडिन हे आम्लस्राव कमी करणारे औषध विक्रीस आले. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी स्वीडनमध्ये सिद्ध झालेल्या ओमेप्राझोलने बाजारात पाऊल टाकून सिमेटिडिनला मागे सारण्यास आरंभ केला. व्रणासाठी जठर कापण्याची पाळी आता क्वचितच येते.

मात्र जठरातील आम्ल ही निसर्गाची चूक नव्हे, आणि ही गोष्ट कलकत्त्याइतकी दुसऱ्या कोणत्याही शहराला ठाऊक असावयाचे कारण नाही. १८८३ च्या डिसेंबरात रॉबर्ट कॉख या शहरी आला आणि येथल्या पटकीच्या रुग्णांच्या आतड्यांत व तळ्याच्या पाण्यात त्याने त्या रोगाचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवून दिला. पुढे १९५९ साली शंभुनाथ दे यांनी, याच शहरात, तो जंतू माणसाला मारतो ते आपल्या विषाच्या योगाने, हे सशाच्या आतड्यावरील प्रयोगांनी सिद्ध केले. परंतु प्रस्तुत विषयाला लागू असलेली गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेत स्वेच्छेने पुढे आलेल्या निरोगी माणसांना पटकीचे जंतू पाजून जे प्रयोग झाले त्यांत असे दिसून आले की, नुसत्या पाण्यातून रोग होण्यास जंतूंची जी प्रचंड संख्या लागते, ती आधी सोडा देऊन जठराचे आम्ल शमविल्यास हजारो पटींनी कमी पुरते. म्हणजे जठरातील आम्ल हा दाराशी बसलेला पहारेकरी असून त्याला दीर्घ रजेवर पाठविणाऱ्याने दार उघडे राहते याची जाणीव ठेवली पाहिजे. जे दररोज ही गोळी घेतात त्यांनी निदान आषाढ-श्रावणात तरी रस्त्यावरील फुचक्याचे म्हणजे पाणीपुरीचे पाणी, कापून ठेवलेली फळे आणि कोठल्या पाण्याचा आहे हे ठाऊक नसलेला बर्फ यांपासून दूर राहावे; घरातील निरोगी माणसाला जे पचते ते त्यांना पचेलच असे नाही.

आम्लावरील औषधांच्या तीन जाती आहेत, आणि त्यांची कामे इतकी वेगळी आहेत की एकीच्या जागी दुसरी वापरणे हे बहुतेक तक्रारींचे मूळ असते. पहिली जात तयार झालेल्या आम्लाला तेथल्या तेथे मारणाऱ्या क्षारांची. अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांच्या संयुगांची पांढरी किंवा गुलाबी पातळ औषधे व चघळावयाच्या गोळ्या, तसेच पाण्यात फसफसणारी सोड्याची पूड, ही सर्व या जातीत येतात. त्यांचा गुण काही मिनिटांत येतो आणि रिकाम्या पोटी घेतल्यास अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. जेवणानंतर तासाभराने घेतल्यास तो दोन-तीन तास टिकतो. मॅग्नेशियमने शौचाला पातळ होते, अॅल्युमिनियमने बद्धकोष्ठ होतो, म्हणून दोन्ही एकत्र घातलेले असतात. सोड्याच्या पुडीत मिठाचा अंश म्हणजे सोडियम बरेच असते, आणि ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी ती रोजची करू नये. याच जातीशेजारी समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटची औषधे बसतात. ती जठरातील अन्नावर तरंगणारा थर निर्माण करून वर चढू पाहणाऱ्या आम्लाला अडवितात, आणि जेवणानंतर छातीत जळजळ होणाऱ्या गर्भवतीला बहुधा प्रथम तीच देतात.

दुसरी जात हिस्टॅमिन नावाच्या द्रव्याची आज्ञा आम्लपेशींपर्यंत पोचू न देणारी. तिच्यातील रॅनिटिडिन हे नाव आपल्या घराघरांत एका काळी मिठाइतके परिचित होते. परंतु त्यात कर्करोगास कारण होऊ शकणारे एक द्रव्य, साठवणीत व उष्णतेने वाढत जाणारे, आढळल्यावर अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २०२० साली ते बाजारातून काढण्यास सांगितले, आणि आपल्याकडील अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही २०२२ साली ते वगळले गेले. दुकानांतून ते अद्यापि मिळते. पण त्याच जातीचे फॅमोटिडिन उपलब्ध असताना त्याचा आग्रह धरण्याचे कारण उरलेले नाही. फॅमोटिडिनचा परिणाम दहा-बारा तास राहतो आणि रात्रीच्या आम्लावर ते विशेष चालते. मात्र रोज घेत राहिल्यास एक-दोन आठवड्यांत शरीर त्याला सरावते, म्हणून प्रसंगोपात्त वापरासाठीच ते अधिक योग्य. मूत्रपिंडे अशक्त असणाऱ्यांसाठी त्याची मात्रा कमी करावी लागते.

तिसरी जात, जिच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला आहे, ती ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल इत्यादींची. जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. अन्न येत आहे अशी वार्ता लागली की ते पेशीच्या पृष्ठभागावर येऊन कामाला लागतात, आणि उपाशी माणसाचे बरेचसे पंप आतच स्वस्थ असतात. ही औषधे गिळल्यावर जठरात काहीच करीत नाहीत. आम्लाने ती नासू नयेत म्हणून त्यांच्यावर आवरण चढविलेले असते, आतड्यात ती विरघळून रक्तात मिसळतात, आणि रक्तावाटे त्या पेशींपर्यंत पोचून जे पंप त्या घटकेस चालू असतील त्यांनाच कायमचे बंद करतात. रक्तातून औषध काही तासांतच नाहीसे होते; पण बंद पडलेला पंप पुन्हा चालू होत नाही, नवा घडावा लागतो, म्हणून परिणाम दिवसभर, किंबहुना अधिकही, टिकतो.

एवढे यंत्र समजून घेतले की गोळीची वेळ आपोआप कळते. न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास गोळी घ्यावयाची, आणि मग खरोखरच न्याहारी करावयाची. कारण गोळी घेऊन नुसत्या चहावर दुपारपर्यंत राहणाऱ्या कचेरीतील गृहस्थाचे पंप जागेच होत नाहीत, आणि औषध त्यांना शोधीत रक्तातून फिरून निघून जाते. जेवणानंतर छातीत जळजळ सुरू झाली म्हणून धावपळीने ही गोळी घेणे तर सर्वस्वी व्यर्थ. तेथे पहिल्या जातीचे पातळ औषध हवे. ज्यांची पाळी रात्रीची असते त्यांनी ‘सकाळी’ या शब्दावर जाऊ नये. जो दुपारी तीनला उठून दिवसाचे पहिले मुख्य जेवण चारला करतो, त्याची गोळी सव्वातीनची. चिठ्ठीवर ‘सकाळी’ लिहिले म्हणून पहाटे घरी परतल्यावर निजण्याआधी ती घेणाऱ्याला गुण येत नाही आणि दोष औषधावर जातो. पहिल्या दिवशीच पूर्ण आराम मिळेल अशीही अपेक्षा नको. प्रत्येक दिवशी पंपांचा आणखी एक वाटा बंद होत होत तीन ते पाच दिवसांत परिणाम भरास येतो. गोळी चावू नये, कुटू नये; आवरण फुटले की औषध जठरातच नासते. डब्यावरील मिलिग्रॅमच्या आकड्यावरून बळाबळाचा निवाडाही करू नये, कारण पँटोप्राझोलचे ४० मिलिग्रॅम हे राबेप्राझोलच्या २० पेक्षा जोरकस नसून उलट काहीसे सौम्यच ठरतात. अलीकडे व्होनोप्रॅझान नावाचे, जेवणाच्या वेळेशी बांधलेले नसलेले व त्वरित परिणाम करणारे, नवे औषधही आपल्याकडे आले आहे. त्याचा दीर्घकालीन अनुभव ओमेप्राझोलइतका जुना नाही, हे लक्षात ठेवून ते डॉक्टरांच्याच शिफारशीने घ्यावे.

आता मुदतीचा मुद्दा. आठवड्यातून दोन-तीनदा अथवा त्याहून अधिक वेळा छातीच्या मध्यभागी जळजळ चढते, आंबट पाणी घशाशी येते, वाकले किंवा आडवे झाले की अधिक होते, अशा माणसाला जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलट चढण्याचा विकार असतो, आणि इतर कोणतेही भयसूचक लक्षण नसेल तर त्याला ही गोळी दिवसातून एकदा, चार ते आठ आठवडे, देऊन पाहणे हा सर्वमान्य मार्ग आहे. आठ आठवडे झाले की डॉक्टरांकडे परत जाऊन ती थांबवावयाची, कमी करावयाची, की पुढील तपासणी करावयाची, याचा निकाल लावून घ्यावयाचा. नेमकी येथेच चूक होते. कारण बरे वाटू लागलेला माणूस परत जात नाही, आणि पट्टी संपली की नवी आणण्याची मुदतवाढ तो स्वतःच मंजूर करून टाकतो.

व्रणाची कथा निराळी. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ साली जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखविला, १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः पिऊन आपल्या जठराला दाह करवून घेतला, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. तेव्हापासून व्रण हा काळजीचा व तिखटाचा रोग आहे ही समजूत मागे पडली. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो, आणि त्यांतील बहुतेकांना त्याचा काहीच उपद्रव होत नाही. परंतु व्रण ज्याला झाला आहे त्याचा जंतू काढलाच पाहिजे, एरवी गोळीने बुजलेला व्रण गोळी थांबताच पुन्हा उघडतो. त्यासाठी आम्लशामक गोळी दिवसातून दोनदा आणि तिच्या जोडीला प्रतिजैविके, असा सामान्यतः चौदा दिवसांचा क्रम असतो, आणि त्यातील एकही मात्रा चुकवावयाची नसते. न्यू टाउनच्या वाचकाला येथे एक स्थानिक गोष्ट उपयोगी पडेल. बेलियाघाटा येथील, राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्था या नावाने नावारूपास आलेली संस्था, जी १९६२ साली केवळ पटकीच्या संशोधनासाठी निघाली होती, तिच्या संशोधकांनी या जंतूच्या कलकत्त्यातील वाणांचाही अभ्यास केला असून, येथले बहुतेक वाण मेट्रोनिडॅझोल या स्वस्त व सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधाला दाद देत नाहीत असे त्यांना आढळले आहे. तेव्हा पूर्वी जुलाबांसाठी हे औषध वारंवार घेतले असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. श्वासाची अथवा शौचाची जंतुपरीक्षा करावयाची असल्यास आम्लशामक गोळी दोन आठवडे आधी आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी बंद असावी लागतात. नाहीतर जंतू असूनही अहवाल नकारार्थी येतो. या एका सूचनेच्या अभावी किती परीक्षा फुकट जातात याची गणती कोणी ठेवीत नाही.

तिसरे रास्त कारण संरक्षणाचे. सांधेदुखीसाठी वेदनाशामके नित्य घेणारे वृद्ध, त्यातही पूर्वी व्रण अथवा रक्तस्राव झालेले, किंवा ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारे दुसरे औषध घेणारे, यांना जठराच्या रक्तस्रावापासून वाचविण्यासाठी ही गोळी जोडीला देतात, आणि ते औषध चालू आहे तोवर तीही चालते. पण तापाच्या पॅरासिटामॉलबरोबर, खोकल्याच्या प्रतिजैविकाबरोबर, किंबहुना जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबरोबरही ‘पोटाला त्रास नको’ म्हणून ती जोडण्याची जी प्रथा आपल्याकडे पडली आहे, तिला कोणताही शास्त्राधार नाही. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी तात्पुरती सुरू झालेली गोळी घरी सोडतानाच्या कागदावर तशीच उतरते आणि वर्षानुवर्षे चालत राहते, हाही प्रकार नित्याचा. म्हणून रुग्णाला घरी नेताना प्रत्येक औषधापुढे कारण आणि अखेरची तारीख लिहून मागावी. डॉक्टरांना त्यात राग यावा असे काही नाही.

काही लक्षणांत मात्र गोळी घेऊन वाट पाहणे धोक्याचे आहे. घास अडकणे, गिळताना दुखणे, कारणाशिवाय वजन उतरणे, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखा काळा मळ, रक्त कमी होणे, वारंवार उलट्या, घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास, अथवा पन्नाशीच्या पुढे-मागे आयुष्यात प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असल्यास आधी दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. गोळीने जळजळ शमते आणि मूळ रोग आड लपतो. त्याहून तातडीची बाब हृदयाची. छातीत दडपल्यासारखे होणे, ते डाव्या हातात अथवा जबड्यात पसरणे, घाम सुटणे, चालताना किंवा जिना चढताना होऊन थांबल्यावर कमी होणे, याला ‘गॅस’ समजून सोडा पीत बसणारे लोक दुर्दैवाने सर्वत्र आहेत. मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात तर छाती न दुखता केवळ पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थता हेच हृदयविकाराचे रूप असू शकते. अशा वेळी पहिला खर्च हृदयालेखाचा, म्हणजे ईसीजीचा, करावा.

दुकानात मिळणाऱ्या पट्ट्यांपैकी ज्यांच्या नावापुढे एक अधिक अक्षर असते, त्यांत बहुधा डॉम्पेरिडोन हे दुसरे औषध मिसळलेले असते, आणि पुष्कळदा ते ३० मिलिग्रॅम हळूहळू सुटणाऱ्या स्वरूपात असते. डॉम्पेरिडोन मळमळ व उलटीचे औषध आहे. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याच्या भयामुळे युरोपच्या औषध-नियंत्रकांनी २०१४ साली त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता, तोही थोड्या दिवसांसाठी, मर्यादित केला आणि छातीतील जळजळीसाठी ते देऊ नये असे ठरविले. ज्याला मळमळ नाही अशा माणसाने केवळ जळजळीसाठी ही जोडगोळी महिनोन्‌महिने घ्यावी, ही माझ्या मते आपल्याकडील सगळ्यांत अविचारी सवय आहे. पट्टी उलटी करून बारीक अक्षरांतील घटक वाचावेत, आणि दोन नावे दिसल्यास दुसरे कशासाठी, हे विचारावे.

इतर औषधांशी या गोळीचे पटत नाही तेही पाहावे लागते. हृदयात स्टेंट बसविलेल्यांना दिले जाणारे क्लोपिडोग्रेल यकृतात ज्या वाटेने कार्यक्षम होते तीच वाट ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल अडवितात; अशांना पँटोप्राझोल अधिक योग्य. थायरॉइडचे औषध आम्ल कमी झाल्यावर नीट शोषले जात नाही, तेव्हा दोन्ही चालू असणाऱ्यांनी थायरॉइडची गोळी उठताच, आम्लाची त्यानंतर अर्ध्या तासाने, आणि न्याहारी आणखी अर्ध्या तासाने, असा क्रम ठेवून सहा-आठ आठवड्यांनी रक्ततपासणी करावी. लोहाच्या गोळीचाही गुण कमी होतो. न्यू टाउनमध्ये २०११ सालापासून चालू असलेल्या टाटा मेडिकल सेंटर या कर्करोग रुग्णालयात पूर्व भारतातून आणि बांगलादेशातूनही रुग्ण येतात, त्यांच्या नातलगांनी तर ही गोष्ट विशेषच ध्यानी ठेवावी. कारण फुप्फुसाच्या कर्करोगावरील गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब यांसारख्या गोळ्यांना विरघळण्यासाठी आम्ल लागते, आणि पोटाच्या तक्रारीसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून सहज आणलेली पट्टी लाखमोलाचे औषध निष्प्रभ करू शकते. कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून अशा रुग्णाला साधा सोडाही देऊ नये.

दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडे जातात, हाडे ठिसूळ होतात, स्मृती नष्ट होते, अशा मजकुराने पुष्कळांना घाबरविले आहे. त्यातले काही खरे आहे आणि पुष्कळसे निरीक्षणांवरून घाईने काढलेले अनुमान आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत चाचणीत हृदयरोगाच्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम पँटोप्राझोल आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी, अशी सुमारे तीन वर्षे देण्यात आली. निश्चितपणे वाढलेला आढळला तो केवळ आतड्यांचा संसर्ग, पहिल्या गटात १.४ टक्के आणि दुसऱ्यात १ टक्का. अस्थिभंग, मूत्रपिंडविकार, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक दिसला नाही. तथापि मूत्रपिंडाचा अचानक उद्भवणारा दाह हा क्वचित होणारा पण खरा दोष आहे, आणि भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०२० साली तसा इशारा औषधासोबतच्या पत्रकात छापण्याचे निर्देश दिले. शाकाहारी घरांत, जेथे ब-१२ जीवनसत्त्व मुळातच तुटपुंजे असते, ते दोन-तीन वर्षांच्या वापराने आणखी घटते. त्याची तपासणी करून घ्यावी. मूत्रल औषधे घेणाऱ्यांनी मॅग्नेशियम पाहावे, आणि कॅल्शियम घ्यावयाचेच असेल तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट घ्यावे, कारण कार्बोनेटला शोषणासाठी आम्ल लागते.

पथ्याविषयी थोडक्यात. निजण्यापूर्वी तीन तास जेवण, पलंगाची डोक्याकडील बाजू विटा घालून पाऊण वीत उंच, डाव्या कुशीवर झोप, कंबरेचा घेर कमी, तंबाखू बंद, एवढ्याने रात्रीचा त्रास पुष्कळ कमी होतो. नुसत्या उशा वाढवून मात्र पोट दुमडते आणि आम्ल अधिकच वर येते. लुची-आलूर दम, काठी रोल, कोशा मांग्शो, यांपैकी कशाने त्रास होतो हे ज्याचे त्याने पाहावे. सर्वांना एकच निषिद्धांची यादी देणे मला पटत नाही, आणि वरण-भातावर महिने काढणाऱ्याचा आम्लापेक्षा जीवच अधिक विटतो. दुधाने क्षणभर थंडावा मिळतो व नंतर आम्ल वाढते. प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकल्सचा ओव्याचा अर्क बंगाली घरांत अजून कपाटात असतो. पोट फुगल्यावर तो खुशाल घ्यावा, पण आम्ल त्याने कमी होत नाही.

ज्यांचे कारण संपले आहे त्यांनी गोळी थांबविताना एक गोष्ट आधी जाणून असावी, म्हणजे धीर सुटणार नाही. आम्ल दडपले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक वाढवून आम्लपेशींना अधिक कामाला जुंपू पाहते. गोळी थांबताच त्या सर्व एकदम मोकळ्या होतात आणि आम्ल पूर्वीपेक्षाही अधिक सुटते. डेन्मार्कमध्ये पोटाची कोणतीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी माणसांवर २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग झाला. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन ते थांबविल्यावर त्यांच्यापैकी ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर किंवा अपचन जाणवले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. तेव्हा गोळी सोडल्यावर आठवडाभराने उसळलेली जळजळ हा मूळ रोग परतल्याचा पुरावा नव्हे. मात्रा निम्मी करून दोन-चार आठवडे, मग दिवसाआड, मग बंद, अशी पायरी-पायरीने उतरण केल्यास पुष्कळांना सोपे जाते. एकदम थांबविणेही तितकेच चालते, असे तज्ज्ञ सांगतात. मधल्या काळात जळजळ उठल्यास अल्जिनेट, पातळ आम्लशामक किंवा रात्री फॅमोटिडिन घ्यावे. जुना वापर असेल तर ही उसळी दोन-तीन महिनेही रेंगाळते. त्यानंतरही तक्रार तशीच राहिली, किंवा नीट वेळ पाळून आठ आठवडे घेऊनही मुळात गुणच आला नसेल, तर मात्रा दुप्पट करीत बसण्यापेक्षा दुर्बिणीची आणि चोवीस तासांच्या आम्लमापनाची तपासणी करून घ्यावी. अशांपैकी कित्येकांच्या जळजळीचा आम्लाशी संबंधच नसतो.

मात्र ज्यांच्या अन्ननलिकेला तीव्र दाहाने व्रण पडले होते, ज्यांच्या अन्ननलिकेच्या अस्तरात आम्लामुळे बॅरेट नावाचा बदल झाला आहे, ज्यांना पूर्वी व्रणातून रक्तस्राव झाला असून ॲस्पिरिन थांबविता येत नाही, किंवा ज्यांच्या शरीरात गॅस्ट्रिन निर्माण करणारी गाठ आहे, त्यांच्यासाठी ही गोळी दीर्घ मुदतीची, पुष्कळदा जन्माची, असते, आणि या किंवा अन्य कोणत्याही लेखावरून ती त्यांनी बंद करू नये. नोकरीच्या बदलीने न्यू टाउनहून पुण्याला किंवा नागपुराहून न्यू टाउनला येणाऱ्या कुटुंबांतील अशा वडीलधाऱ्यांच्या कागदपत्रांवर दुर्बिणीच्या अहवालाची तारीख आणि गोळीचे कारण स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे नव्या गावातील डॉक्टर तिला इतरांसारखीच रेंगाळलेली गोळी समजून सद्हेतूने बंद करणार नाहीत.